परवा बायोलॉजीचा पेपर: बारावीच्या शेवटच्या दोन दिवसांत नेमकं काय करायचं

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. शेजारच्या वाड्यावरची एक मुलगी पुस्तक छातीशी धरून दारात उभी राहिली. परवा बायोलॉजीचा पेपर. “टीचर, तीनदा वाचलं, तरी डोक्यात काही राहत नाही.” पुस्तक उघडून बघते तर पानंच्या पानं पिवळीजर्द. हायलायटरमधून एक ओळ सुटली नव्हती. मी पुस्तक मिटलं, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान फाडून उलटं ठेवलं आणि म्हटलं, “बाय, यावर एम्ब्रियो सॅक काढ बघू.” म्हणजे फुलाच्या बीजांडातला भ्रूणकोश, अंडपेशी असते ती पिशवी. तिने एक लांबट गोल काढला. आत केंद्रकं किती, कुठल्या टोकाला कुठली, तिथे पेन्सिल अडली ती अडलीच. डोळ्यांत पाणी आलं.

गोव्यात फोंडा तालुक्यात मी बरीच वर्षं संध्याकाळी बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते आणि दर वर्षी अशी दोन-तीन मुलं येतात. यातली कोणीही आळशी नसतात. त्यांनी वाचलेलं असतं, पण फक्त वाचलेलंच असतं. जत्रेत कोणी भेटतं, चेहरा अगदी ओळखीचा वाटतो आणि नाव मात्र ओठावर येत नाही, तसं होतं. पान समोर असताना सगळं ओळखीचं दिसतं, म्हणून ‘येतंय’ असं वाटतं. पेपरात पान समोर नसतं. तिथे नावच विचारतात.

म्हणून पुढचं सगळं एकाच गोष्टीभोवती आहे: शेवटच्या दोन दिवसांत वाचण्यापेक्षा आठवून लिहिण्यावर जास्त वेळ घालवायचा. हातात दोन महिने असतील तर गोष्ट वेगळी. हा लेख ज्याच्या हातात दोन दिवस आहेत त्याच्यासाठी. उदाहरणं बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातली आहेत, पण पद्धत दहावीच्या मुलांनाही वापरता येईल.

पहिला अर्धा तास: तीन गठ्ठे

अभ्यासाला बसल्याबसल्या पहिलं प्रकरण उघडू नका. पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करणारी मुलं फुलांच्या प्रजननात अख्खा दिवस घालवतात आणि इकॉलॉजीला हातही लागत नाही.

एक कोरा कागद घ्या. पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवून सगळी प्रकरणं उतरवा. पाच भाग दिसतील: प्रजनन, अनुवंश आणि उत्क्रांती, आरोग्य आणि सूक्ष्मजीव, बायोटेक्नॉलॉजी, इकॉलॉजी. शाळेने दिलेली गुणविभागणी असेल तर प्रत्येक भागासमोर गुण लिहा. मग प्रत्येक प्रकरणासमोर एकच खूण करा: येतं, अर्धवट येतं, अजिबात येत नाही. स्वतःशी खोटं बोलू नका. ‘येतं’ म्हणजे पुस्तक मिटून पाच मुद्दे सांगता येतात, इतकाच त्याचा अर्थ.

आता कुठून सुरुवात करायची? बहुतेक मुलं ‘येतं’पासून करतात, कारण तिथे बरं वाटतं. काही जण घाबरून ‘अजिबात येत नाही’ला भिडतात आणि दुपारपर्यंत खचतात. सुरुवात ‘अर्धवट’पासून करा. तिथे अर्ध्या तासाच्या मेहनतीत सगळ्यात जास्त गुण पदरात पडतात. ‘अजिबात येत नाही’ या गठ्ठ्यातलं जास्त गुणांचं एखादं प्रकरण निवडा आणि बाकीच्यातून फक्त आकृत्या आणि व्याख्या घ्या. काही भाग सोडावा लागेल. तो आज ठरवून सोडलात तर पेपरात त्याची हळहळ वाटणार नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका असतील तर याच वेळी चाळा. ‘हाच प्रश्न येणार’ असे अंदाज बांधायला नव्हे. दोन गुणांचा प्रश्न किती मागतो आणि पाच गुणांचा किती, ते डोळ्यांत बसावं म्हणून.

पुस्तक मिटा

अभ्यासाची रीत अशी. एक छोटा तुकडा घ्या, म्हणजे चार-पाच पानं, अख्खं प्रकरण नको. पंधरा मिनिटं नीट वाचा, हायलायटर बाजूला ठेवून. मग पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवा. बाजूला ठेवलंत तर हात जातोच. आता कोऱ्या कागदावर दहा मिनिटं जे आठवेल ते लिहा: शब्द, बाण, अर्धी आकृती, काहीही. अक्षर कसंही चालेल. अडलात तरी एक मिनिट तसेच बसा. त्या मिनिटात डोक्याला जो ताण पडतो, तोच कामाचा असतो. मग पुस्तक आणा आणि लाल पेनने सुटलेलं भरा, चुकलेलं दुरुस्त करा.

तो लाल पेनचा कागद हेच तुमचं शेवटच्या रात्रीचं पुस्तक. जे काळ्या शाईत आहे ते तुम्हाला येतं. पुन्हा बघायचं ते फक्त लाल.

हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, दुसऱ्या वेळी न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. दोन दिवसांनी मात्र उलटं झालं: आठवून लिहिणाऱ्यांना साधारण 68 टक्के आठवलं, दोनदा वाचणाऱ्यांना 54 टक्के. तुमचा पेपरही दोन दिवसांनीच आहे. पहिल्या पाच मिनिटांत पुन्हा वाचणंच फायद्याचं वाटतं, आणि मुलं फसतात ती तिथेच.

भाषेबद्दल एक गोष्ट. घरी आपण मराठी-कोंकणी बोलतो आणि पेपर इंग्रजीत लिहितो. इंग्रजी वाक्यं तशीच पाठ केली की एक शब्द विसरला तरी अख्खं वाक्य कोसळतं. आधी मुद्दा आपल्या भाषेत कोणाला तरी सांगा, आई, आज्जी, धाकटा भाऊ, कोणीही चालेल. आज्जीला कळलं तर तुम्हाला कळलं. मग फक्त शास्त्रीय शब्द इंग्रजीत घोटा, स्पेलिंगसकट, हाताने लिहून.

आकृत्या: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

बायोलॉजीत आकृती ही उत्तराची सजावट नसते, बऱ्याचदा तेच उत्तर असतं. आकृती हाताने एकदा बसली की तिच्या लेबलांवरून दोन परिच्छेद आपोआप लिहिता येतात. म्हणून दोन दिवसांत दहा आकृत्या पक्क्या करा. माझी यादी: परागकोशाचा छेद, बीजांड, एम्ब्रियो सॅक, शुक्रपेशी, अंडाशयाचा छेद, मासिक पाळीचा आलेख, डीएनएचा रेप्लिकेशन फोर्क, लॅक ऑपेरॉन, मलेरियाच्या परजीवीचं चक्र आणि पीबीआर 322 हा प्लाझ्मिड. तुमच्या मास्तरांनी वेगळ्या सांगितल्या असतील तर त्या धरा.

त्या संध्याकाळी त्या मुलीबरोबर एम्ब्रियो सॅक कशी बसवली ते सविस्तर सांगते, कारण बाकीच्या नऊही तशाच बसतात.

आम्ही तयार आकृती बघून उतरवली नाही. गोष्ट सुरुवातीपासून काढली. बीजांडात एक मोठी पेशी, मेगास्पोर मदर सेल. ती अर्धसूत्री विभाजनाने चार होते. चारांतल्या तीन मरतात, एक उरते. उरलेलीचं केंद्रक तीन वेळा दुभंगतं: दोन, चार, आठ. कॅलेंडरच्या पानावर चार लांबट गोल एका ओळीत काढले आणि प्रत्येकात तेवढे ठिपके दिले. चौथ्या गोलात आठ ठिपके: चार वर, चार खाली. मग प्रत्येक टोकाचा एकेक ठिपका मध्यावर सरकवला, ते दोन पोलर न्यूक्लिअस. खालच्या, म्हणजे मायक्रोपाइलच्या (बीजांडाच्या बारीक छिद्राच्या) टोकाला तीन उरले: मध्ये अंडपेशी आणि दोन बाजूंना सिनर्जिड. वरच्या टोकाला तीन अँटिपोडल. मोजून बघा: केंद्रकं आठ, पण पेशी सात, कारण मधली दोन केंद्रकं एकाच मोठ्या पेशीत आहेत. ‘सात पेशी, आठ केंद्रकं’ हे तिने तोवर पन्नासदा वाचलं होतं. का, ते त्या ठिपक्यांनी सांगितलं.

मग परागनलिका आली. तिच्यातून दोन नर युग्मकं आली. एक अंडपेशीला मिळालं, त्याचा झायगोट झाला. दुसरं दोन पोलर न्यूक्लिअसना मिळालं, म्हणजे तीन केंद्रकांचं मिलन, म्हणून एंडोस्पर्म ट्रिप्लॉइड. यालाच डबल फर्टिलायझेशन म्हणायचं.

तेवढ्यात माझ्या सासूबाई विळीवर नारळ खोवायला बसल्या होत्या. मी अर्धी कवड आणि वाटीतलं पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं. हे पाणी म्हणजे एंडोस्पर्म: केंद्रकं पुष्कळ, पण त्यांच्यामध्ये पेशीभित्ती नाहीत. हे पांढरं खोबरंही एंडोस्पर्मच, इथे पेशीभित्ती तयार झाल्या आहेत. फ्री-न्यूक्लिअर आणि सेल्युलर, दोन्ही एका नारळात. कवडीच्या तीन डोळ्यांतला एक मऊ असतो, त्याच्याखाली भ्रूण. रोज हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, लागणारी वस्तू, पण तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, असं ती म्हणाली.

सरावाची रीत: आकृती तीनदा काढा. पहिल्यांदा पुस्तक बघून, दुसऱ्यांदा मिटून, तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी सकाळी, काहीही न बघता. पेन्सिल वापरा, शेडिंग करू नका, लेबलांच्या रेघा पट्टीने आडव्या ओढा आणि सगळी लेबलं शक्यतो एकाच बाजूला घ्या. एका आकृतीला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर ती सोपी करा. सुंदर काढण्यापेक्षा लेबलं बरोबर असणं महत्त्वाचं.

जेनेटिक्सची गणितं

अनुवंशाचं प्रकरण वाचून येत नाही, ते सोडवून येतं. दुपारी जेवणानंतर डोळे मिटायला लागतात तेव्हा याला बसा, कारण यात हात चालतो आणि झोप उडते.

प्रत्येक उदाहरण त्याच चार पायऱ्यांत लिहा: पालकांचे जनुकप्रकार, त्यांची युग्मकं, चौकट, आणि मग निष्कर्ष शब्दांत. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळण्याची शक्यता राहते. घाईत मुलं युग्मकांची पायरी गाळतात आणि तिथेच चुकतात.

एक नमुना सोडवू. एका बाईचे वडील रंगांध आहेत, तिची स्वतःची नजर नीट आहे. तिचं लग्न साध्या नजरेच्या पुरुषाशी झालं. अपत्य रंगांध होण्याची शक्यता किती? रंगांधतेचं जनुक एक्स क्रोमोसोमवर आणि रिसेसिव्ह, म्हणजे जोडीला निर्दोष जनुक असलं की झाकलं जाणारं. बाईचा एक एक्स वडिलांकडून आला, वडिलांकडे एकच एक्स आणि तोच दोषी, म्हणून तिच्याकडे तो असणारच. तिला नीट दिसतं, म्हणून दुसरा एक्स निर्दोष. ती कॅरियर. तिची अंडी दोन प्रकारची, नवऱ्याचे शुक्राणू एक्स किंवा वाय. चौकटीत चार शक्यता: साधी मुलगी, कॅरियर मुलगी, साधा मुलगा, रंगांध मुलगा. म्हणजे एकूण अपत्यांत चारात एक, आणि फक्त मुलग्यांत बघितलं तर दोनात एक. प्रश्न ‘अपत्य’ म्हणतो की ‘मुलगा’, तो शब्द पेपरात अधोरेखित करा. उत्तर त्यावर फिरतं.

वंशावळीचा तक्ता आला तर दोन गोष्टी आधी शोधा. आईवडील दोघेही निरोगी आणि मूल बाधित, तर गुणधर्म रिसेसिव्ह. आणि मुलगी बाधित पण तिचे वडील निरोगी, तर तो एक्सवरचा रिसेसिव्ह असू शकत नाही. या दोन कसोट्यांवर बहुतेक तक्ते सुटतात.

सोडवायला घ्या: मोनोहायब्रिड (3:1), डायहायब्रिड (9:3:3:1), इन्कम्प्लिट डॉमिनन्स (1:2:1), रक्तगट, रंगांधता किंवा हिमोफिलिया. प्रत्येकी दोन, बस्स. क्रोमोसोमचे तीन विकार एका ओळीत लिहून भिंतीला लावा: डाउन, 21व्या क्रोमोसोमची जादा प्रत, एकूण 47, क्लाइनफेल्टर, एक्सएक्सवाय, 47, टर्नर, एकच एक्स, 45.

प्रयोग: केलं काय, दिसलं काय, म्हणून काय

डीएनएच्या प्रकरणाला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. पण त्यातले शोध क्रमाने घेतले तर ती एक सरळ गोष्ट आहे, प्रत्येक प्रयोग आधीच्याच्या शंकेला उत्तर देतो. प्रत्येकासाठी फक्त तीन ओळी लिहा.

1928, ग्रिफिथ. उंदरांना न्यूमोनियाचे जंतू टोचले. जिवंत एस जातीने उंदीर मेला, आर जातीने जगला, उकळून मारलेल्या एसने जगला. मेलेले एस आणि जिवंत आर एकत्र टोचले तर उंदीर मेला आणि त्याच्यात जिवंत एस सापडले. म्हणून: मेलेल्यातून काहीतरी जिवंतात गेलं. काय गेलं, ते त्याला कळलं नाही. 1944, एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी. प्रथिनं आणि आरएनए पचवणारी एन्झाइम घातली तरी हा बदल होत राहिला, डीएनए पचवणारं घातलं आणि बदल थांबला. म्हणून: डीएनए. तरी सगळ्यांना पटलं नव्हतं. 1952, हर्शी आणि चेस. विषाणूच्या डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसची आणि प्रथिनाला किरणोत्सारी गंधकाची खूण केली. जिवाणूच्या आत फॉस्फरस गेला, गंधक बाहेर राहिला. म्हणून: वारसा डीएनएचाच.

1958 चा मेसेलसन आणि स्टाल यांचा प्रयोग थोडा जास्त वेळ घेऊन करा, कारण त्यावर गणित विचारता येतं. जड नायट्रोजनवर वाढवलेले ई. कोलाय साध्या नायट्रोजनवर ठेवले. हा जिवाणू 20 मिनिटांत दुप्पट होतो. 20 मिनिटांनी सगळा डीएनए संकरित (एक धागा जड, एक हलका), 40 मिनिटांनी अर्धा संकरित अर्धा हलका. मग 80 मिनिटांनी? चार पिढ्या, एका रेणूचे सोळा. जुने दोन धागे कुठे जाणार, ते दोनच रेणूंत राहणार. म्हणून संकरित 2, हलके 14, प्रमाण 1:7. हे एकदा स्वतः काढलंत की सेमी-कन्झर्व्हेटिव्ह म्हणजे काय ते पुन्हा पाठ करावं लागत नाही.

आरोग्य, सूक्ष्मजीव, बायोटेक

इथे नावांचा पाऊस आहे. रोग, जंतू, चाचणी असे तीन उभे रकाने आखा आणि भरा: टायफॉइड, साल्मोनेला टायफी, विडाल; एड्स, एचआयव्ही, एलायझा. मलेरिया मात्र रकान्यात बसवू नका, चक्र काढा. मादी ॲनोफिलीस चावते, स्पोरोझॉइट रक्तात, तिथून यकृतात, मग तांबड्या पेशींत. पेशी फुटतात, हिमोझॉइन बाहेर पडतं, थंडी वाजून ताप येतो. मग गॅमिटोसाइट, आणि ती पुन्हा डासाच्या पोटात. माणूस आणि डास, कागदाचे दोन भाग करा म्हणजे कुठला टप्पा कोणात तो गोंधळ होत नाही.

सूक्ष्मजीवांसाठी आपलं घर पुरेसं आहे. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पोयी (गोव्याचा पाव) घेऊन येतो: ती फुगवणारं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर घालायचे, तीही आंबण्याचीच करामत. काजूचा रस आंबवून भट्टीवर चढवला की ऊर्ध्वपातन, डिस्टिलेशन. वाइन आणि बियरमध्ये ते नसतं, तोच फरक पुस्तक विचारतं. आणि काजूचा विषय निघालाच आहे तर: बोंडू हे खरं फळ नव्हे. खरं फळ म्हणजे खाली लटकणारी काजूबी. म्हणून पुस्तकातल्या खोट्या फळांच्या यादीत सफरचंद आणि स्ट्रॉबेरीबरोबर आपला काजूही आहे.

बायोटेकमध्ये पायऱ्यांचा क्रम हाच अभ्यास. पीसीआर: तापवून धागे वेगळे, प्रायमर चिकटवणं, टॅक पॉलिमरेजने वाढवणं. रेस्ट्रिक्शन एन्झाइमसाठी ईकोआरवनचा क्रम जीएएटीटीसी आणि त्याची उलटी जोडी स्वतः लिहून बघा. उपयोगांमध्ये बीटी कापूस, 1983 ला एली लिलीने बनवलेलं इन्सुलिन आणि 1990 ची पहिली जीन थेरपी, चार वर्षांच्या मुलीवर, एडीए या एन्झाइमच्या कमतरतेसाठी. एवढं झालं की पुढे चला.

इकॉलॉजीला शेवटचे दोन तास ठेवा, पण ठेवा

शेवटची प्रकरणं वाचायची राहतात आणि तिथले सोपे गुण हातचे जातात. 10 टक्क्यांचा नियम, ऊर्जेचा पिरॅमिड कधीच उलटा का होत नाही, लोकसंख्यावाढीचे जे आणि एस आलेख, प्रजाती नष्ट होण्याची चार कारणं. उदाहरणं आपल्या अंगणातली द्या. आक्रमक परकी वनस्पती: घाणेरी, गाजरगवत, तळ्यातली जलपर्णी. इन-सिटू, म्हणजे मूळ जागीच केलेलं संवर्धन: मोलें, म्हादई, नेत्रावळी, चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य. सत्तरीतली निरंकाराची राय ही देवराई, तीही इन-सिटूच. बोंडल्याला अभयारण्य आणि प्राणिसंग्रहालय दोन्ही आहेत, म्हणजे इन-सिटू आणि एक्स-सिटू (मूळ जागेबाहेरचं संवर्धन) एकाच फाटकातून. पश्चिम घाट हॉटस्पॉट, म्हणजे भरपूर जैवविविधतेचा पण धोक्यात आलेला प्रदेश, आहे हे आपल्याला वेगळं पाठ करायला नको, आपण त्याच्या पायथ्याशीच राहतो. जगातल्या हॉटस्पॉटची संख्या मात्र इंटरनेटवर वेगळी आणि पुस्तकात वेगळी सापडेल. पेपरात पुस्तकातला आकडा लिहा.

आदली रात्र

संध्याकाळी सहानंतर नवीन काही उघडू नका. फक्त लाल शाईचे कागद. प्रत्येक कागद उलटा ठेवा, लाल मुद्दे मोठ्याने म्हणा, मग उलगडून बघा. जे अजून अडतंय ते एका शेवटच्या कागदावर घ्या. तो एकच कागद सकाळी बरोबर न्यायचा.

जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे जत्रा आणि काले. देवळाचा कर्णा रात्रभर चालू असेल तर आधीच ठरवा, मावशीकडे झोपायला जा किंवा मागच्या खोलीत अंथरूण घाला. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे: त्या रात्री मुलाला ‘किती झालं?’ असं विचारू नका. जेवायला वाढा, दिवा मालवा.

रात्र जागवून एक प्रकरण जास्त होतं आणि आधीची चार पुसट होतात, कारण दिवसभराचं वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. साडेदहाला झोपलंच पाहिजे. झोप लागत नसेल तरी अंधारात पडून राहा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. व्हॉट्सॲपवर रात्री अकराला येणाऱ्या ‘हमखास येणार’ अशा याद्यांनी मी मुलांना थरथरताना पाहिलं आहे.

झोपण्याआधी पिशवी भरा: हॉल तिकीट, दोन निळी पेनं, दोन टोक केलेल्या पेन्सिली, खोडरबर, पट्टी, पाण्याची बाटली.

पेपरच्या दिवशी

सकाळी पोटाला ओळखीचं द्या. उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं पुरेसं आहे. तळलेलं नको, उपाशी तर मुळीच नको. कदंबची बस कधी कधी भरून येते आणि थांबत नाही, म्हणून नेहमीपेक्षा एक बस आधीची धरा. फाटकाबाहेर मैत्रिणी एकमेकींना प्रश्न विचारत असतात, त्या घोळक्यापासून दूर उभ्या राहा आणि तो एक कागद बघा.

प्रश्नपत्रिका हातात आली की आधी पूर्ण वाचा. वेळ गुणांनी भागा. 70 गुण आणि तीन तास असतील तर एका गुणाला अडीच मिनिटं पडतात, म्हणजे दोन गुणांच्या उत्तराला पाच मिनिटांच्या वर देऊ नका. सुरुवात तुम्हाला पक्क्या येणाऱ्या प्रश्नाने करा. पहिलं उत्तर बरं गेलं की हात मोकळा होतो.

उत्तरं परिच्छेदात लोटू नका, मुद्द्यांत लिहा. तीन गुण म्हणजे निदान तीन वेगळे मुद्दे. एकच मुद्दा तीन वाक्यांत फिरवून उपयोग नाही. फरक विचारला तर रकाने आखा आणि समोरासमोर तेच निकष ठेवा. शास्त्रीय नाव लिहाल तेव्हा पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा शब्द लहान अक्षराने, आणि दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. आठवत नसलेलं स्पेलिंग एका उत्तरात एका प्रकारे आणि दुसऱ्यात दुसऱ्या प्रकारे लिहू नका.

डोकं एकदम कोरं झालं तर, आणि हे हुशार मुलांनाही होतं, त्या प्रश्नासाठी जागा सोडून पुढे जा. नाहीतर मार्जिनला त्या विषयाची आकृती काढायला लागा. हाताला आठवतं ते बऱ्याचदा तोंडाला आठवत नाही. कॅलेंडरच्या पानावर रडलेल्या त्या मुलीने मला नंतर हेच सांगितलं: प्रश्न वाचून काही सुचेना, म्हणून लांबट गोल काढला, आठ ठिपके दिले आणि लेबलं आपोआप उतरत गेली.

शेवटची दहा मिनिटं लिहायला वापरू नका. आकृत्यांची लेबलं तपासा, एखादी रेघ हवेत लटकत नाही ना ते बघा. प्रश्नांचे क्रमांक बरोबर आहेत का ते पाहा. पुरवण्या क्रमाने लावून घट्ट बांधा आणि प्रत्येकीवर आसन क्रमांक लिहिला आहे ना, ते एकदा बोट ठेवून वाचा.